लस घेतल्यानंतर मुंग्या आणि आतून थरथर: हे जीबीएस आहे का, आणि आता काय करायचं?

धायरीहून एका ताईंनी आपल्या धाकट्या बहिणीबद्दल विचारलं आहे. बहीण ३४ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, नोकरी करणारी, सव्वा वर्षाच्या मुलाची आई. फ्लूची लस घेतल्यावर नवव्या दिवसापासून दोन्ही तळपायांत मुंग्या सुरू झाल्या, आठवड्याभरात त्या हाताच्या बोटांत आल्या. रात्री पडल्यावर अंग आतून थरथरतं, बाहेरून मात्र काही दिसत नाही. पाच आठवडे झाले. एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, नॉर्मल, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. एका डॉक्टरांनी ‘टेन्शन आहे’ म्हणून झोपेची गोळी दिली, दुसऱ्यांनी तपासणी न करताच बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली, आणि नातेवाइकांनी जीबीएसचं (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) नाव काढून सगळ्या घराची झोप उडवली. हे लशीमुळे झालं का, जीबीएस आहे का, ती बरी होईल का, आणि बाळाचा पुढचा डोस द्यायचा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तिला समोर बसवून तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून बरंच काही सांगता येतं, आणि ते सांगायलाच हवं, कारण पाच आठवड्यांत तिच्याशी कुणी निवांत बोललेलं दिसत नाही.

आधी तातडीचं. आज घरीच तिला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगा. टाचांवर आणि मग चवड्यांवर दहा पावलं चालायला सांगा. चालताना चप्पल नकळत पायातून निसटते का, जिना चढताना गुडघे दगा देतात का, गिळताना ठसका लागतो का, हे विचारा. एक खोल श्वास घेऊन त्याच दमात मोठ्याने आकडे मोजू द्या. निरोगी तरुण माणूस आरामात वीसच्या पुढे जातो. ती दहा-बारापाशीच अडखळत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असं धरून लगेच मोठ्या रुग्णालयात न्या, उद्याची अपॉइंटमेंट बघत बसू नका. लघवी अडणं, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, कमरेखाली बधिरपणा, ही लक्षणं मज्जारज्जूला सूज आल्याची असू शकतात, तीही त्याच दिवशी दाखवायची. आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, आडवं झाल्यावर वाढणारी, सोबत धूसर दिसणं किंवा झटका, हे असेल तरीही तेच. यातलं काही नसेल, तर पुढचं सावकाश वाचा.

जीबीएसची शंका घेण्यात तुमच्या नातेवाइकांचं चुकलं नाही. लशीनंतर किंवा संसर्गानंतर सहा आठवड्यांच्या आत, पायांपासून वर चढत जाणाऱ्या मुंग्या, असं चित्र दिसलं की आम्हालाही पहिल्यांदा तेच आठवतं. पण जीबीएस एका ठरावीक चालीने जातो. मुंग्यांमागून काही दिवसांत अशक्तपणा येतो, बहुतेकांत तो दोन आठवड्यांत आणि जवळपास सगळ्यांत चार आठवड्यांत टोकाला पोहोचतो, आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडत नाही. पाच आठवडे उलटूनही ती जिने चढत असेल, बाळाला उचलत असेल आणि गुडघ्याची उसळी शाबूत असेल, तर जीबीएसची शक्यता फार कमी राहते. एनसीव्ही नेमकी कधी केली हे मात्र पाहा. पहिल्या आठवड्यातली नॉर्मल एनसीव्ही फारसं काही सिद्ध करत नाही, त्या काळात खऱ्या जीबीएसमध्येही ती नॉर्मल येऊ शकते. तशी घाईने केलेली असेल तर आता पुन्हा करून घ्या. तिच्या हातोडीच्या तपासणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तीच हवी होती. पाच मिनिटांची, बिनखर्चाची तपासणी आहे. ती झालीच नसेल तर कुठल्याही नव्या स्कॅनआधी ती करून घ्या.

धायरी म्हटल्यावर तुमची भीती मला नीट समजते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची साथ आली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि घराघरांत हा आजार माहीत झाला. त्या साथीत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच पुढे नसांवर जाऊन आदळतात. जीबीएसच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत आधीच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकल्याचा संसर्ग झालेला असतो. म्हणून बहिणीला विचारा: मुंग्या सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यात जुलाब झाले होते का, घरात कुणी तापाने आजारी होतं का? लशीची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. दोन दिवसांचे जुलाब कुणी लिहून ठेवत नाही.

आता तिचं वय, तिचा आहार आणि तिच्या तक्रारी एकत्र ठेवल्या तर सगळ्यात आधी कसून पाहायला हवं ते बी-१२. पुण्यात हे सांगायला नको खरं तर. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं केलेल्या कामातून आपल्याकडे बी-१२ची कमतरता किती सर्रास आहे हे पुढे आलं आहे. बाळंतपण आणि अंगावर पाजणं झालेल्या शाकाहारी बाईत तर ही शंका आणखी बळावते. अॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांतही बी-१२ उतरतं.

अडचण अशी झाली आहे की तपासणी न करताच इंजेक्शनं सुरू झाली. एकदा इंजेक्शन टोचलं की रक्तातली पातळी झपाट्याने वर जाते, आणि आधी कमतरता होती की नव्हती हे त्या आकड्यावरून कळत नाही. लस घेण्याच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट, ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा, गरोदरपणातला, घरात असेल तर शोधा. त्यात बी-१२ मोजलेलं असू शकतं, नाहीतर हिमोग्राममधलं एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, वाढलेलं दिसू शकतं. होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजून थोडा अंदाज येतो, पण उपचार जितके पुढे गेले तितका तोही पुसट होतो. इंजेक्शनं थांबवा असं मी म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी पाहायला सांगेन. एक, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंप जाणवतो का. दुसरी, बेसिनपाशी वाकून डोळे मिटून तोंड धुताना तिचा तोल जातो का. जात असेल तर मज्जारज्जूच्या मागच्या भागाला झळ पोहोचली असण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी मानेचा एमआरआय लागतो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून मज्जारज्जूही ठीक आहे असं होत नाही. सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी, आणि थायरॉइड हवंच.

हे सगळं स्वच्छ आलं तर? तर बारीक तंतूंचा प्रश्न उरतो. एनसीव्ही फक्त जाड, वेगाने संदेश नेणाऱ्या तंतूंची परीक्षा घेते. वेदना, उष्णता, घाम, हृदयाची गती सांभाळणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. ते बिघडले की जळजळ, मुंग्या, टोचल्यासारखं, कधी उभं राहिल्यावर छातीत धडधड, आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. पोटरीच्या त्वचेचा तांदळाएवढा तुकडा काढून त्यातले तंतू मोजता येतात, ही तपासणी मोठ्या केंद्रांत होते. कोविडनंतर, आणि थोड्या लोकांत कोविडच्या लशींनंतरही, अशा तक्रारींची वर्णनं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ‘आतून थरथर’ हे वाक्य मीही त्या काळात वारंवार ऐकलं. अशा रुग्णांत नसांच्या वेदनेची औषधं, झोप सुधारणं आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम यांवर काही महिन्यांत बऱ्याच जणांना उतार पडताना मी पाहतो.

झोपेच्या गोळीकडे वळतो, कारण तिथे मला खरा राग येतो. ‘टेन्शन आहे’ असं सांगून दार बंद करणं म्हणजे तपासणी अर्धवट टाकणं. चेतासंस्थेच्या रचनेत बिघाड नसताना तिच्या कामात बिघाड होतो, याला फंक्शनल विकार म्हणतात. तो खरा आजार आहे, रुग्ण ठरवून काही करत नसतो. तो ओळखण्याच्या स्वतःच्या खुणा आहेत: एक पाय उचलायला सांगितल्यावर दुसऱ्या पायाची टाच किती दाबली जाते हे पाहणं, किंवा एका हाताने ठरावीक ठेका धरायला लावल्यावर दुसऱ्या हाताची थरथर त्याच ठेक्यात येते का हे पाहणं. रिपोर्ट नॉर्मल आले एवढ्यावरून हे निदान करायचं नसतं, या खुणा सापडाव्या लागतात. लशीच्या आसपासची भीती, सुई, ताप, दुखणारा दंड यांतून हा विकार सुरू होऊ शकतो. २०१४मध्ये कोलंबियातल्या एल कारमेन दे बोलिवार या गावात एचपीव्हीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या) लशीनंतर शेकडो मुली चक्कर, बधिरपणा, बेशुद्धी अशा तक्रारी घेऊन रुग्णालयांत आल्या. लशीतला दोष सापडला नाही, पण मुलींचा त्रास खोटा नव्हता. अशा त्रासाला जागतिक आरोग्य संघटनेने आता लसीकरणाशी जोडलेल्या ताणाची प्रतिक्रिया असं वेगळं स्थान दिलं आहे. त्यावर चांगला उपचार आहे, आणि त्यात अनुभवी फिजिओथेरपिस्टचा वाटा डॉक्टरपेक्षा मोठा असतो.

आता तुमचा पहिला प्रश्न: हे लशीमुळे झालं का?

लशींमुळे चेतासंस्थेला इजा कधीच होत नाही असं जो सांगतो त्याने आपल्याच देशाचा इतिहास वाचलेला नाही. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं घरातल्या मोठ्यांना आठवत असतील. डेव्हिड सेम्पल यांनी १९११मध्ये कसौलीत बनवलेली ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून तयार होई. त्यात मेंदूच्या ऊतीतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, असे, आणि काहींचं शरीर त्या मायलिनविरुद्ध, पर्यायाने स्वतःच्या मेंदू-मज्जारज्जूविरुद्ध उठे. वेगवेगळ्या नोंदींत हे प्रमाण काही शे ते काही हजारांत एक असं सापडतं. तरीही ती दिली जाई, कारण रेबीज झाला की माणूस वाचत नाही. भारतात ती २००४च्या अखेरीस बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या, कितीतरी सुरक्षित लशी आल्या.

अमेरिकेत १९७६मध्ये स्वाइन फ्लूची लस सुमारे साडेचार कोटी लोकांना दिली गेली. जीबीएसचे रुग्ण वाढले, दर एक लाख लोकांमागे साधारण एक जास्तीचा, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. तिथे कार्यकारण कसं उमगलं हे महत्त्वाचं आहे: रुग्ण लशीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दाटीने येत होते आणि नंतर विरळ होत गेले. निव्वळ योगायोग असता तर ते सगळ्या आठवड्यांत सारखे विखुरले असते. २०१०मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये पॅन्डेमरिक्स या लशीनंतर मुलांत नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, वाढल्याचं असंच तुलनेतून दिसलं. आणि २०२१मध्ये अॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर मेंदूतल्या शिरांत गुठळी आणि सोबत प्लेटलेट कमी, हा अगदी नवा आजार काही आठवड्यांत ओळखला गेला, त्यामागची पीएफ-४ या प्लेटलेटमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, गुठळीवर नेहमी दिलं जाणारं हेपॅरिन हे औषध टाळायचं हे ठरलं. त्याच लशीच्या यादीत जीबीएसही अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदला गेला.

तीच लस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशील्ड म्हणून बनली. २०२४मध्ये अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात गुठळ्यांची कबुली दिल्याची बातमी आली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी डोस घेतलेले लोक माझ्याकडे धास्तावून येत होते. पण तो धोका डोसनंतरच्या साधारण चार ते बेचाळीस दिवसांतला होता आणि युरोपच्या औषध नियामकांनी तो एप्रिल २०२१मध्येच जाहीर केला होता. इतक्या वर्षांनी त्या कारणाने कुणाला गुठळी होणार नाही.

तुमच्या बहिणीने घेतलेल्या फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचं जास्तीचं प्रमाण दहा लाख डोसमागे एक-दोन इतकं धरलं जातं. खुद्द फ्लू झाल्यावर तो धोका याहून कितीतरी पट असतो. आता उलट बाजूने हिशोब मांडू. जीबीएस लशीशिवायही वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ७० लाख लोक धरले तर वर्षाला ७० ते १४०, म्हणजे कुठल्याही सहा आठवड्यांत आठ ते सोळा. चेहऱ्याचा एका बाजूचा लकवा, बेल्स पाल्सी, लाखात १५ ते ३० जणांना होतो, म्हणजे याच शहरात कुठल्याही सहा आठवड्यांत शंभराहून अधिक. उद्या सगळ्या पुण्याला साध्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं तरी पुढच्या सहा आठवड्यांत हे सगळे रुग्ण येतील, आणि प्रत्येकाला ते इंजेक्शन आठवेल. म्हणून एका रुग्णाकडे बघून, फक्त तारखांच्या आधारावर, ‘लशीमुळेच’ किंवा ‘लशीमुळे नाहीच’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. बहिणीच्या बाबतीत माझा कौल असा: बी-१२ किंवा दुसरं कारण सापडलं तर लशीचा संबंध बहुधा योगायोगाचा. काहीच सापडलं नाही तर लशीचा संबंध शक्य आहे, सिद्ध नाही. दोन्ही बाबतींत तिचे उपचार आजपासून सुरू होऊ शकतात, त्यासाठी या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

नोंद मात्र नक्की करा. ‘सिद्ध होत नाही तर कशाला कळवायचं’ असं कुणी म्हणेल, पण कळवणाऱ्याने सिद्ध करायचंच नसतं. एकेकट्या डॉक्टरला जे दिसत नाही ते हजारो नोंदी एकत्र आल्यावर दिसतं. लस जिथे घेतली तिथून लशीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लेखी घ्या. लस देणाऱ्या डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना, म्हणजे एईएफआय, म्हणून कळवायला सांगा. गंभीर घटना असेल तर त्याची जिल्हा आणि राज्य पातळीवरची समिती छाननी करते आणि लशीशी सुसंगत, अनिर्णित, योगायोग किंवा माहिती अपुरी अशी वर्गवारी होते. डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर रुग्ण स्वतः औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवू शकतो.

बाळाचा डोस थांबवू नका. आईच्या मुंग्या हे मुलाची लस टाळण्याचं कारण नाही. तसा कुठलाही नियम नाही. गोवरच्या लशीनंतर साधारण आठवडा-दहा दिवसांनी ताप येऊन काही बाळांना तापाचा झटका येऊ शकतो. तो घाबरवतो, पण त्याने मेंदूला कायमची इजा होत नाही. डांग्या खोकल्याच्या जुन्या लशीने मेंदू निकामी होतो असा आरोप पूर्वी फार गाजला होता. २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा १४ रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा ११ जणांत एससीएन१ए या जनुकातला दोष सापडला, म्हणजे आजार जन्मतःच होता आणि लशीनंतरच्या तापाने फक्त पहिला झटका आणला. तुमच्या भाच्याला आजवर झटका आला असेल, किंवा तो बसणं-चालणं शिकून पुन्हा विसरत असेल, तर डोसआधी बालरोगतज्ज्ञांना तेवढं सांगा. नसेल तर सोळा महिन्यांनंतरचा गोवर-रुबेला आणि त्रिगुणीचा बूस्टर वेळेवर द्या.

बहिणीच्या पुढच्या वर्षीच्या फ्लूच्या लशीचा निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही. जीबीएस ठरला असता आणि तो लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झाला असता, तर मी पुढे ती लस बहुधा टाळायला सांगितली असती. सध्याच्या चित्रावरून तसं वाटत नाही. येत्या आठवड्यात हातोडी आणि ट्यूनिंग फोर्क घेऊन नीट तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, जाताना जुने रिपोर्ट आणि लशीची चिठ्ठी न्या, आणि बी-१२चं इंजेक्शन नेमकं कोणत्या तारखेला सुरू झालं ते आधीच लिहून ठेवा.